तिसऱ्या मजल्यावरचं पाणी दुसऱ्या मजल्यात उतरलं: लायबिलिटी पॉलिसी कुठवर पुरते?

बाथरूम_कंत्राटदार, पुणे
सात मजली इमारत, गच्चीवर टाकी, प्रेशर पंप नाही. ३०२ मध्ये बाथरूमचं काम सुरू आहे, मालक बाहेरगावी. बेसिनखालचे अँगल कॉक आणि कनेक्शन पाइप जोडून झाले, पाणी चालू ठेवून माणसं गेली. रात्रीतून एका कनेक्शन पाइपचा नट फुटला. सकाळी वॉचमनला जिन्यात पाणी दिसलं तेव्हा २०२ चं फॉल्स सीलिंग, हॉलमधलं लॅमिनेट फ्लोअरिंग, टीव्ही युनिट आणि एक गादी भिजली होती. २०२ वाले ६,४०,००० मागतायत. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, "सर्व नुकसानीची जबाबदारी माझी" असं लिहून सही करा, नाहीतर उद्यापासून माणसं आत सोडणार नाही. ३०२ च्या मालकांनी शेवटचं बिल रोखलंय.
माझ्याकडे शॉपकीपर पॅकेज पॉलिसी आहे, त्यात पब्लिक लायबिलिटी, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई, ५ लाख. ती चालेल का? आणि त्या कागदावर सही करू की नको?

क्लेमचे_कागद
सही करू नका. हे आधी, बाकी सगळं नंतर.
जवळपास प्रत्येक लायबिलिटी पॉलिसीत एक अट असते: विमा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी मान्य करायची नाही, रकमेचं आश्वासन द्यायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत. सेक्रेटरींना हवा तो कागद दिलात तर पॉलिसी चालत असूनही कंपनीला हात वर करायला जागा मिळते. त्याऐवजी लेटरहेडवर एवढंच द्या:
"दि. ___ रोजी सदनिका क्र. ३०२ मधून सदनिका क्र. २०२ मध्ये पाणी गेल्याचे समजले. आम्ही आमच्या विमा कंपनीस कळवत आहोत. नुकसानीची पाहणी करू द्यावी व भिजलेल्या वस्तू पाहणी होईपर्यंत टाकून देऊ नयेत, ही विनंती. हे पत्र आमच्या हक्कांना बाधा न येता दिले असून ती जबाबदारीची कबुली नाही."
सेक्रेटरींना बहुतेक वेळा कमिटीपुढे ठेवायला काहीतरी कागद हवा असतो. हा चालतो.
आता पॉलिसी. शेड्यूल (पॉलिसीचा तपशिलाचा कागद) काढा आणि लायबिलिटीच्या सेक्शनसमोर पत्ता बघा. शॉपकीपर पॅकेजमधली लायबिलिटी साधारणपणे त्या दुकानाच्या जागेपुरती असते. गिऱ्हाईक तुमच्या दुकानात घसरून पडलं, तुमची पाटी कुणाच्या गाडीवर पडली, असल्या गोष्टींसाठी ती आहे. दुसऱ्याच्या फ्लॅटमध्ये केलेल्या कामाला ती बहुधा लागू होत नाही. शेड्यूलमध्ये किंवा जोडपत्रात (पॉलिसीला जोडलेल्या वाढीव अटींच्या कागदात) "जागेबाहेरील काम" अशा अर्थाची ओळ आहे का ते शोधा.
ओळ नसली तरी आजच ईमेलने कळवा. तारीख, वेळ, पत्ता, काय भिजलं आणि कुणी किती मागितलं एवढं पुरे. कारण लिहू नका. "प्लंबरने नट जास्त आवळला" असं पहिल्या मेलमध्ये लिहिणारे लोक असतात, आणि मग तेच वाक्य शेवटपर्यंत चिकटतं.
आपल्याकडची पब्लिक लायबिलिटी बहुतेक क्लेम्स-मेड धर्तीची असते. म्हणजे घटना रेट्रोअ‍ॅक्टिव्ह तारखेनंतरची (पॉलिसीत लिहिलेली, जिच्या आधीच्या घटना धरत नाहीत ती तारीख) हवी आणि समोरच्याचा दावा पॉलिसी चालू असताना आलेला हवा. नूतनीकरण जवळ आलं असेल तर एक दिवसाचाही खंड पडू देऊ नका. उद्या वकिलाची नोटीस आली तर उत्तर न देता ती जशीच्या तशी कंपनीकडे पाठवा.

सर्व्हेअर_बोलतोय
कागदांचं वर आलंच आहे. मी २०२ च्या आतलं सांगतो, कारण ६,४०,००० चा आकडा तिथेच खाली येईल किंवा वर जाईल.
पहिलं काम विजेचं. सीलिंगमधल्या दिव्यांचे एमसीबी खाली ठेवा. लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरचं आवरण तपासायच्या मीटरने) इन्सुलेशन मोजून घ्या. वाचन एक मेगाओहमच्या खाली असेल तर ते सर्किट चालू करायचं नाही. त्या वाचनांचा कागद सहीनिशी घ्या, पुढे "सगळं वायरिंग बदलावं लागलं" असा आकडा आला तर तोच कामाला येतो.
सीलिंगला पोट आलं असेल तर वीज बंद असताना, खाली बादली धरून, सर्वांत खालच्या जागी स्क्रूड्रायव्हरने भोक पाडा. पाणी साठून बोर्ड अख्खा कोसळला की खालचं सामानही जातं. भिजून वाकलेला जिप्सम बोर्ड वाळवून सरळ होत नाही, तो बदलावाच लागतो. पण वरची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) फ्रेम सहसा शाबूत राहते. कोटेशनमध्ये नवीन फ्रेम धरली असेल तर का, ते विचारा.
लॅमिनेटचा गाभा एचडीएफचा, म्हणजे दाबलेल्या लाकडी तंतूंचा. पाणी फटीतून शिरलं की कडा फुगतात आणि वाळल्यावरही खाली बसत नाहीत. त्यामुळे हॉलमधलं फ्लोअरिंग गेलं असं धरून चाला. प्रश्न आहे तो बेडरूमचा. दारात पट्टी देऊन तुकडा वेगळा केलेला असेल आणि पलीकडे ओल नसेल, तर तिथलं नुकसान झालेलंच नाही. "रंग जुळणार नाही म्हणून सगळं घर बदला" ही मागणी नेहमी येते. भिजलेल्या खोलीपलीकडचं सर्व्हेअर (विम्यासाठी नुकसान मोजणारा) सहसा धरत नाही.
टीव्ही युनिटची खालची कड बघा. पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ असेल तर फुगलेला दिसेल. आयएस ७१० चा (पाण्यात टिकणारा मरीन) प्लाय असेल तर वाळल्यावर पुष्कळदा वाचतो, फक्त लॅमिनेट सुटलंय का ते बघायचं.
भिंतींना रंगाची घाई करू देऊ नका. मॉइश्चर मीटरने आधी त्याच घरातल्या, पाणी न पोचलेल्या भिंतीचं वाचन घ्या. भिजलेल्या भिंतीचं वाचन त्याच्या जवळ आलं की मग पुट्टी. आधी रंगवलं तर फुगे येतात आणि दुसऱ्यांदा रंगवण्याचा खर्च कुणाचा यावर नवीन भांडण लागतं. तोवर पंखे, उघड्या खिडक्या, आणि मिळाला तर भाड्याचा डीह्युमिडिफायर. हे पहिल्या एक-दोन दिवसांत व्हायला हवं, नंतर बुरशी धरते. अशी मदत करणं म्हणजे कबुली नव्हे. तुमची माणसं पुसायला, सामान हलवायला खुशाल पाठवा. फक्त रोख रक्कम हातावर ठेवू नका.
मोजमाप असं घ्या: प्रत्येक खोलीचा लांबून एक फोटो, मग प्रत्येक वस्तूचा जवळून, शेजारी टेप धरून. भिजलेल्या फ्लोअरिंगचे चौरस फूट खोलीवार लिहा. वस्तू, माप, खरेदीचं वर्ष, बिल आहे की नाही अशी यादी करून २०२ वाल्यांची सही घ्या. सही फक्त "ही वस्तू भिजली" यावर, रकमेवर नाही.
आणि घसारा. लायबिलिटीत समोरच्याचं खरं नुकसान भरून द्यायचं असतं, जुन्याच्या जागी नवं नव्हे. फ्लोअरिंगचं आयुष्य १० वर्षं धरलं आणि ते ६ वर्षांचं झालं असेल, तर आजच्या किमतीच्या ४० टक्क्यांच्या आसपास सर्व्हेअर बसवतो. शिवाय मोडीची किंमत वजा. २०२ वाल्यांना हे अन्याय वाटणार, आणि त्यांच्या जागी बसून पाहिलं तर चुकीचंही नाही. तो फरक शेवटी तडजोडीतच मिटतो.

पाइपलाइन_इंजिनिअर
नट का फुटला हे कुणीच विचारलं नाही. बिल कुणाच्या नावावर फाडायचं ते त्यावर ठरतं.
तिसरा मजला आणि गच्चीवरची टाकी यांत साधारण १४ ते १५ मीटर उंची. १० मीटरला एक बार, म्हणजे दाब दीड बारच्या आसपास. प्रेशर पंप नाही म्हणताय. एवढ्या दाबाने धड नट फुटत नाही. मग तीन शक्यता.
एक, जास्त आवळला. कनेक्शन पाइपमध्ये रबर वॉशर असतो, पाणी तोच अडवतो. हाताने घट्ट करून वर पान्याने पाव फेरा पुरे. तिथे टेफ्लॉन गुंडाळून दोन हातांनी पाना मारला की प्लास्टिक नट आट्यांच्या मुळाशी गोल चिरतो. लगेच गळत नाही, काही तासांनी सुटतो.
दोन, माल खराब. पितळी नट असेल आणि चीर उभी, लांबीच्या दिशेने असेल तर संशय मालावर जातो.
तीन, अ‍ॅसिड. टाइलचं ग्राउट साफ करायला फरशीवाले अ‍ॅसिड मारतात, बाथरूम बंद असतं, वाफ बेसिनखाली कोंडते. पितळ आणि स्टीलची जाळी दोन्हीला ती खाते. जाळीवर तांबूस डाग, नटावर हिरवट थर दिसतोय का बघा.
फुटलेला नट, पाइप, वॉशर, सगळं झिपच्या पिशवीत घाला. चीर पुसू नका, तुकडे जुळवून बघू नका. पिशवीवर तारीख, फ्लॅट, कुठल्या कॉकचा ते लिहा आणि बंद करताना ३०२ वाल्यांच्या माणसाची सही घ्या. सामान कुणी आणलं होतं? मालकाने स्वतः आणून दिलेला पाइप असेल तर पावती त्यांच्याकडून मागा.
मेन व्हॉल्व्ह रात्री उघडा का होता, हा प्रश्न मात्र तुम्हाला येणारच. रिकाम्या फ्लॅटमध्ये तो बंद करून जायचा असतो. मिनिटाला १० लिटर धरले तरी आठ तासांत ४,८०० लिटर.

बाथरूम_कंत्राटदार, पुणे
शेड्यूल पाहिलं. पत्ता फक्त वारज्याच्या दुकानाचा, जोडपत्र काही नाही. ईमेल केला. पाइप मीच आणला होता, जीएसटी बिल आहे. नट पितळी आहे, चीर उभी आहे. २०२ वाल्यांचं होम लोन आहे, त्यातून काही होतं का?

वकिली_बाजू
होऊ शकतं. लोन घेताना बँकेने भारत गृह रक्षा पॉलिसी जोडली असेल तर त्यात पाइप फुटून झालेलं नुकसान येतं. १ एप्रिल २०२१ पासून हे प्रमाणित उत्पादन आहे. बँका पुष्कळदा फक्त इमारतीचा विमा करतात, तेव्हा सामानही घेतलंय का ते त्यांनी शेड्यूलमध्ये बघावं. त्यांना आधी तिथे क्लेम करायला सुचवा. नम्रपणे, "माझ्याकडे मागू नका" असा सूर न लागू देता. मात्र त्यांच्या कंपनीने पैसे दिले की ती सब्रोगेशनने, म्हणजे त्यांच्या जागी उभी राहून, तुमच्याकडे वसुलीला येऊ शकते. तुम्ही सुटला असं नाही, पण मग समोर भिजलेला शेजारी नसून सर्व्हेअरच्या अहवालावरचा आकडा असतो.
तुमच्या कंपनीने नकार दिला तर तो लेखी, पॉलिसीचं कलम नमूद करून मागा. त्यावर विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाता येतं. एकल मालकी आणि सूक्ष्म उद्योगांना ती वाट खुली आहे, भरपाईची मर्यादा ५० लाख, पुण्यात कार्यालयही आहे. आधी कंपनीकडे तक्रार आणि महिनाभर वाट पाहणं आवश्यक. तुमच्या बाबतीत पत्त्याची अट स्पष्ट असेल तर फार आशा धरू नका. २०२ वाले तिथे तुमच्या पॉलिसीवरून जाऊ शकत नाहीत, ते पॉलिसीधारक नाहीत.
खिशातून मिटवायची वेळ आली तर सर्व्हेअरच्या आकड्यावर बोला, बँकेतून पैसे द्या, आणि "या घटनेबाबतचे सर्व दावे पूर्ण व अंतिमरीत्या मिटले" असं लिहून घ्या. त्यावर २०२ चे सगळे सहमालक हवेत. नवऱ्याने सही केली आणि बायकोच्या नावाने नोटीस आली, असं होतं. कंपनीचं उत्तर येण्याआधी हे करू नका.
फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, पण मूळ फाइल फोनमधून पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबतं आणि त्यातली माहिती जाते. कोर्टात गेलंच तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं) प्रमाणपत्र मूळ फाइलवर सोपं पडतं.

क्लेमचे_कागद
पुढच्या कामाआधी: नॉन-इंडस्ट्रियल (कारखान्यांसाठी नसलेली) पब्लिक लायबिलिटी घ्या, कामाच्या जागा "महाराष्ट्रात कुठेही" अशा लिहून घ्या, आणि उपकंत्राटदारांची कामं आत आहेत का ते विचारा. मर्यादा दोन असतात, एका अपघाताची आणि वर्षभराची. २५ लाख आणि ५० लाख असं काही घ्या. शहरातल्या भरलेल्या घरात ५ लाख पुरत नाहीत. मोठं काम असेल तर कंत्राटदाराची ऑल रिस्क पॉलिसी, तिच्या दुसऱ्या सेक्शनमध्ये तिसऱ्या पक्षाचं नुकसान येतं. दोन्हींत तुमचं स्वतःचं खराब काम पुन्हा करण्याचा खर्च मिळत नाही. तुमच्या ताब्यात दिलेली वस्तूही पब्लिक लायबिलिटीत वगळलेली असते, म्हणजे ३०२ चं बाथरूम त्यातून नाही. कामगाराला लागलं तर त्याची डब्ल्यूसी (कामगार भरपाई) पॉलिसी वेगळी.

बाथरूम_कंत्राटदार, पुणे
समजलं. डीलर म्हणतोय फुटलेला नट पाठवा, कंपनी बदलून देईल.

पाइपलाइन_इंजिनिअर
पाठवू नका. फोटो आणि बिल पाठवा, आणि लिहा की तपासणी इथे, सर्व्हेअर आणि २०२ वाल्यांच्या समोर करा. एकदा तुकडा हातातून गेला की बदल्यात नवीन पाइप मिळतो आणि मालावर दावा करायचा पुरावा संपतो. त्याच लॉटचे उरलेले पाइप ३०२ मध्ये कुठे कुठे लावलेत ते आज बघा. फ्लशच्या टाकीला एक असेलच.