नऊ संघ, शून्य प्लेऑफ: फिट्झपॅट्रिकला नावं ठेवणाऱ्यांसाठी

जर्सीकर
परवा 'डोक्यावर घेतलेले सुमार खेळाडू' या यादीत कुणीतरी अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमधल्या क्वार्टरबॅकला (पास टाकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूला) रायन फिट्झपॅट्रिकला पहिला नंबर दिला. कारण काय, तर सतरा मोसम, नऊ संघ आणि प्लेऑफचा (मोसमाअखेरच्या बाद फेरीचा) एकही सामना नाही. खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते वाचून राहवलं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

२००५ च्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) २५५ खेळाडू निवडले गेले, त्यात हा २५० वा. हार्वर्डचा अर्थशास्त्राचा पदवीधर. अशा मुलांना सराव शिबिरातूनच घरी पाठवतात. हा पहिल्याच मोसमात सेंट लुईस रॅम्सकडून ह्यूस्टनविरुद्ध राखीव म्हणून उतरला. मध्यंतराला ३-२४ अशी पिछाडी होती. ओव्हरटाइममध्ये ३३-२७ ने जिंकून दिलं, ३१० यार्डांचे पास आणि तीन टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात पोचवून मिळणारे गुण).

आणि २०१९ चा मायामी आठवा. व्यवस्थापनाने चांगले खेळाडू विकून टाकले होते, सगळ्यांना हरूनच हवं होतं, म्हणजे पुढच्या ड्राफ्टमध्ये वरचा नंबर मिळेल. पहिले सात सामने गेले. तरी या माणसाने पाच जिंकले. शेवटचा तर पॅट्रियट्सविरुद्ध, त्यांच्याच फॉक्सबरोच्या मैदानावर, २४ सेकंद उरलेले असताना सहकारी गेसिकीला पास देऊन, २७-२४. त्या पराभवाने पॅट्रियट्सची, म्हणजे क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीच्या संघाची, प्लेऑफमधली पहिल्या फेरीची सुट्टी गेली आणि पुढच्याच आठवड्यात ते टेनेसीकडून घरच्या मैदानावर हरले. ब्रेडीचा पॅट्रियट्सच्या जर्सीतला तो शेवटचा सामना.

ज्या सामन्यातून स्वतःला काहीही मिळणार नाही तोही असा खेळणारा माणूस सुमार कसा?

बफेलोचा_बर्फ
जर्सीकर, तुम्ही सोयीचं तेवढंच सांगितलंत. मी तेव्हा बफेलोत शिकत होतो, म्हणून बोलतोय. २०११ च्या सप्टेंबरमध्ये फिट्झच्या बफेलोने ०-२१ वरून पॅट्रियट्सना ३४-३१ ने हरवलं. त्यांच्याविरुद्ध सलग पंधरा पराभवांनंतरचा विजय होता तो, रस्त्यावर अनोळखी माणसं मिठ्या मारत होती. ऑक्टोबरमध्ये मालकांनी सहा वर्षांचं ५ कोटी ९० लाख डॉलरचं कंत्राट दिलं. आम्ही ५-२ (पाच विजय, दोन पराभव) होतो. मग सलग सात हरलो आणि मोसम ६-१० वर संपला. दीड वर्षात त्याला सोडून द्यावं लागलं.

विद्यार्थीदशेत पैसे साठवून डिसेंबरच्या सामन्याचं तिकीट काढलं होतं मी. त्या थंडीत बसून जे पाहिलं ते अजून डोक्यातून जात नाही.

आकडेमोड
भावना बाजूला ठेवू. सुरुवात केलेले सामने: ५९ विजय, ८७ पराभव, १ बरोबरी. २२३ टचडाउन, १६९ इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास). २०१६ मध्ये कॅन्सस सिटीविरुद्ध एकाच सामन्यात सहा इंटरसेप्शन. विषय संपला.

जर्सीकर
विषय संपला कसा? त्या संघांची बचावफळी काय होती तेही मांडा. २०१८ ला टॅम्पात सलग तीन सामन्यांत चारशेच्या वर यार्ड टाकणारा तो इतिहासातला पहिला क्वार्टरबॅक. लगेच नंतर त्याला बसवून विन्स्टनला आणलं, कारण विन्स्टन ड्राफ्टचा पहिला होता. २५० व्याला एक चूक पुरते.

आकडेमोड
चौथ्या सामन्यात शिकागोने अर्ध्या वेळात ३८ गुण चढवले होते, म्हणून बसवलं. एक चूक पुरते म्हणे! २०१६ ची जेट्सची एक कोटी वीस लाख डॉलरची वर्षभराची बोली त्याला सहा इंटरसेप्शनच्या आधी मिळाली की नंतर?

जर्सीकर
आधी. आणि त्याच्या आधीच्या मोसमात जेट्सकडून ३१ टचडाउन होते, तो फ्रँचायझीचा विक्रम होता. तेही आकड्यांतच येतं, तुम्ही गाळलंत.

बफेलोचा_बर्फ
आणि त्या ३१ च्या शेवटी काय झालं तेही सांगा की. जिंकलं की प्लेऑफ, समोर आमचं बफेलो, ज्याचं काही पणाला नव्हतं. चौथ्या क्वार्टरमध्ये तीन इंटरसेप्शन, २२-१७. जेट्सने हाकललेला प्रशिक्षक रेक्स रायन आमच्या बाजूला उभा होता. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण निर्णायक क्षणी हा माणूस असाच होता.

दादर_ते_डेट्रॉईट
तुम्ही सगळे ज्याच्यावर भांडताय त्याला निदान सतरा वर्षं संधी तरी मिळाली. बफेलोवाले, तुमच्याच संघाच्या क्वार्टरबॅक टायरॉड टेलरचं काय? ड्राफ्टच्या सहाव्या फेरीतला. तीन वर्षांत ५१ टचडाउन आणि फक्त १६ इंटरसेप्शन. २०१७ मध्ये संघ ५-४ असताना त्याला बसवलं आणि राखीव पीटरमनला उतरवलं. पीटरमनने पहिल्या अर्ध्यातच पाच इंटरसेप्शन दिले. मग पुन्हा टायरॉड. आणि शेवटी सतरा मोसमांचा प्लेऑफचा दुष्काळ त्यानेच संपवला. बक्षीस काय, तर क्लीव्हलँडला रवानगी. तिथे डोक्याला मार लागला, त्याच्या जागी मेफील्ड आला. चार्जर्समध्ये बरगडीला इंजेक्शन देताना संघाच्याच डॉक्टरने फुप्फुसाला भोक पाडलं, हर्बर्ट आला. फिट्झच्या दाढीवर टीशर्ट छापतात, टायरॉडवर कुणी छापले नाहीत. फिट्झ म्हणजे गोरा, हार्वर्डवाला, सात मुलांचा हसरा बाप, अशी कथा विकली जाते. टायरॉडसारख्या काळ्या क्वार्टरबॅकला दोन चुका माफ नसतात.

बफेलोचा_बर्फ
दुष्काळ टायरॉडने संपवला? सिनसिनाटीच्या डाल्टनने संपवला! शेवटच्या मिनिटात बॉइडला तो पास दिला नसता तर आमच्याऐवजी बॉल्टिमोर प्लेऑफला गेलं असतं. बफेलोच्या लोकांनी डाल्टनच्या संस्थेला सतरा-सतरा डॉलर पाठवले ते उगाच? आणि प्लेऑफमध्ये जॅक्सनव्हिलविरुद्ध टायरॉडचा संघ ३-१० ने हरला. एक टचडाउन नाही. उगाच रंग मध्ये आणू नका.

दादर_ते_डेट्रॉईट
उगाच? काळा क्वार्टरबॅक वॉरन मून रोज बोल हा विद्यापीठांचा मोठा सामना जिंकून आला तरी १९७८ मध्ये कुणी ड्राफ्ट केला नाही. सहा वर्षं कॅनडात एडमंटनला खेळून, तिथले पाच ग्रे कप जिंकून मग ह्यूस्टनने घेतला. २००६ मध्ये हॉल ऑफ फेम. हे मी मध्ये आणलं नाही, ते आधीपासून मध्येच आहे.

आकडेमोड
मून १९७८ चा, टायरॉड २०१७ चा. चाळीस वर्षांनी काहीच बदललं नाही?

दादर_ते_डेट्रॉईट
बदललं. पुरेसं नाही. तुम्ही कधी एखाद्या खोलीत एकटे वेगळे दिसणारे बसला आहात का? मी बसलोय, रोज बसतो. माझी चूक झाली की 'तुमच्याकडचे लोक' असं ऐकतो, बाजूच्याची झाली की 'आज त्याचा दिवस नव्हता'.

ठाणेकर_कंत्राटी
मला टायरॉड-फिट्झ दोघांत पडायचं नाही. मी चौदा वर्षं कंत्राटावर काम करतोय. क्लायंट बदलला की नवं शहर, नवी शाळा, मुलीचं रडणं. प्रकल्प रुळावर आणायचा आणि मग कायमचा माणूस येणार म्हणून आपण बाहेर. २०२० मध्ये मायामी ३-३ असताना, सलग दोन जिंकल्यावर, फिट्झला बसवून नवख्या क्वार्टरबॅक टुआला आणलं. त्याने पत्रकारांसमोर सांगितलं की मन दुखावलं. तरी टुआला शिकवत राहिला. डिसेंबरात रेडर्सविरुद्ध शेवटच्या क्षणी उतरला, फेसमास्क धरून मान वळवलेली असताना ३४ यार्डांचा पास टाकला, २६-२५. ते बघताना मी सोफ्यावरून उठलो होतो, बायको विचारत राहिली काय झालं. आकडेमोडसाहेब, हे तुमच्या कोष्टकात कुठे बसतं?

आकडेमोड
बसत नाही. पण सहकाऱ्याला शिकवणं हा चांगुलपणा झाला, क्वार्टरबॅक म्हणून दर्जा नाही. दोन्ही एकत्र करू नका.

जर्सीकर
आणि त्याच मोसमाचा शेवटचा सामना? जिंकले तर प्लेऑफ नक्की. फिट्झला त्या आठवड्यात कोविड झाला. टुआच्या हाताशी आधार देणारा कुणी नव्हता, बफेलोने ५६-२६ ने फोडलं. दहा विजय मिळूनही मायामी बाहेर. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनसाठी पहिल्याच सामन्यात, दुसऱ्या क्वार्टरमध्ये, खुब्याच्या सांध्याला दुखापत, आणि कारकीर्दच संपली. याला तुम्ही निर्णायक क्षणी कोसळणं म्हणता?

बफेलोचा_बर्फ
कोविडचा दोष त्याच्यावर मी टाकलेला नाही. २०१६ च्या जानेवारीतले तीन इंटरसेप्शन टाकतो, तेवढे त्याचेच. पण निवृत्तीच्या साडेचार महिने आधी आमच्या प्लेऑफला गोठणाऱ्या थंडीत उघड्या अंगाने आमच्यात येऊन बसला होता, तेव्हा मीही टीव्हीसमोर ओरडलो. एवढं मान्य.

आकडेमोड
२५० व्या क्रमांकावरून २२३ टचडाउन ही फार मोठी गोष्ट आहे, तेही मान्य. यादीतला पहिला नंबर काढा, पाचवा द्या.

दादर_ते_डेट्रॉईट
यादीतून काढाच. आणि टायरॉडबद्दल मला अजून उत्तर मिळालेलं नाही. ५-४ असताना का बसवलं?