रोज हजार शब्दांचा संकल्प

ताई, नोकरी आणि घर सांभाळून रोज हजार शब्द होत नाहीत, म्हणून लेखनच सोडावं का, असं तुम्ही विचारलंय. सोडू नका, आकडा खाली आणा. अमेरिकेत 1999 साली सुरू झालेल्या ‘नॅनोरायमो’ (NaNoWriMo) या प्रसिद्ध कादंबरीलेखन उपक्रमात महिन्याभरात 50,000 शब्द लिहायचे असत, म्हणजे रोज साधारण 1,667. एखादा महिना ते रेटता येतं, वर्षभर नाही. उलट रोज 200 धरले तरी वर्षाला 73,000 होतात. चांगली कादंबरी झाली की!

आम्ही काही जण सोलापुरात रविवारी सकाळी हुतात्मा बागेत जमतो. आधी अर्धा तास कुणी बोलायचं नाही, नुसतं लिहायचं. मग प्रत्येकानं एकच पान वाचायचं आणि पुढच्या आठवड्याचं काम सगळ्यांसमोर सांगायचं. तेही नेमकं: "आत्याच्या घरातला भांडणाचा प्रसंग पुरा करते." "बघू, लिहीन काहीतरी" चालत नाही. गड्ड्याच्या (आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) किंवा मार्चएंडच्या धावपळीत ज्याला जमणार नसेल, त्यानं आधीच कमी काम घ्यायचं, त्यावरून कुणी टोचून बोलत नाही. अर्धवट खर्ड्यावर टीकाही नाही, फक्त "पुढं काय झालं?" एवढंच विचारायचं. त्या प्रश्नानं माणूस खरंच लिहिता राहतो, हे मी जवळून पाहतोय.

या रविवारी याच. वही तेवढी आणा.