शब्दचर्चा : घसा, गळा, नरडे आणि कंठ

प्रश्न (राजापूर)

गावातील दूध उत्पादकांना पावसाळ्यापूर्वी वाटण्यासाठी मी एक पत्रक लिहीत आहे. त्यातील एक वाक्य असे आहे : 'झाडाखाली पडलेले रायवळ आंबे खाताना बाठा जनावराच्या नरड्यात अडकल्यास घरगुती उपाय न करता पशुवैद्यकांना बोलवावे.' मसुदा वाचणाऱ्या एका गृहस्थांच्या मते 'नरडे' हा शब्द असभ्य असून तेथे 'घसा' हवा. दुसऱ्यांनी 'गळा' सुचवला. घरातील शाळकरी मुलीने 'अन्ननलिका' लिहा असे सांगितले. आमच्याकडे गुरांच्या बाबतीत सर्रास नरडेच म्हणतात. या शब्दांत अर्थाचा फरक आहे की केवळ सभ्यतेचा? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (चिपळूण)

फरक अर्थाचा आहे, आणि आपल्या पत्रकाच्या दृष्टीने तो महत्त्वाचाही आहे. मात्र हे शब्द एकेका अवयवाला चिकटवलेली नावे आहेत असे समजून पाहिल्यास तो हाती लागत नाही. प्रत्येक शब्दासोबत कोणती क्रियापदे येतात ते पाहावे. घसा बसतो, खवखवतो, सुजतो, कोरडा पडतो, आपण तो खाकरतो. म्हणजे घसा हा आतून जाणवणारा भाग आहे, तोंडाच्या मागची ती पोकळी, जिला शालेय पुस्तकांत ग्रसनी म्हणतात, आणि तिच्या लगतचे स्वरयंत्र. गळ्यात माळ घालतात, गळा दाबतात, गळ्यात पडतात, म्हणजे गळा हा बाहेरून दिसणारा भाग. आणि 'तिचा गळा गोड आहे' असे आपण म्हणतो तेव्हा तोच शब्द आवाजासाठी येतो. 'तिचा घसा गोड आहे' असे कोणी म्हणत नाही. आवाज चांगला असला की त्याचे श्रेय गळ्याला जाते आणि बिघडला की दोष घशाला, ही मराठीची जुनी वाटणी आहे.

नरडे मात्र आवळले जाते, दाबले जाते. नरडीचा घोट घेतला जातो. गळ्याच्या पुढच्या बाजूला हाताला कडक लागणारी, दाबली की श्वास कोंडणारी जी नळी आहे, तिच्यापाशी हा शब्द घुटमळतो. ती श्वासनलिका होय. तिच्यात कूर्चेची कडी असतात, म्हणून ती नेहमी उघडी राहते. अन्ननलिका तशी नसते. ती मऊ, स्नायूंची नळी असून घास नसतो तेव्हा मिटलेली असते. माणसांविषयी बोलताना नरडे हा शब्द रागाचा वाटतो हे खरे, परंतु गुरांविषयी तो असभ्य आहे असे मला वाटत नाही. आपल्या वाक्यात अडचण सभ्यतेची नसून नळीची आहे.

बाठा श्वासनलिकेत शिरून तिचे तोंड बंद झाले, तर पशुवैद्यक येईपर्यंत जनावर जगणे अवघड असते. व्यवहारात आपण जे पाहतो ते निराळे असते. जनावर मान ताणून उभे राहते, चघळल्यासारखे तोंड हलवते, लाळ सारखी गळत राहते आणि पाणी पाजल्यास ते नाकातोंडावाटे परत येते. हा बाठा अन्ननलिकेत असतो. अन्ननलिका गळ्याच्या वरच्या भागात श्वासनलिकेच्या पाठीशी असते आणि मानेच्या मध्यावर डावीकडे सरकते. म्हणून मानेच्या डाव्या बाजूने, जबड्याकडून छातीकडे बोटे हलकेच फिरवली, तर पुष्कळदा घट्ट गाठ हाताला लागते. लाळ इतकी का गळते, हेही यावरून कळते. मोठी दुभती गाय दिवसाला 100 लिटरच्या आसपास लाळ तयार करते आणि ती गिळत असते; वाट बंद झाली की ती सगळी बाहेर येऊ लागते.

खरा धोका मात्र पोटफुगीचा. कोठीपोटात, म्हणजे गुरांच्या पहिल्या मोठ्या पोटात, चारा आंबताना सतत वायू तयार होत असतो आणि तो ढेकरेवाटे याच अन्ननलिकेतून बाहेर पडतो. रवंथासाठी घास वर येतो तोही याच वाटेने. ही नळी बंद झाली की वायू कोंडतो, डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांच्या मागची खोलगट कूस, ढोलासारखी फुगते, फुगलेले पोट फुफ्फुसांना रेटू लागते आणि मग, श्वासनलिका पूर्ण मोकळी असतानाही, जनावर गुदमरते. 'नरड्यात अडकले' असे वाचणाऱ्याला वाटते की अडथळा श्वासाच्या वाटेत आहे. तो नाकाशी आणि तोंडाशी झटत बसतो आणि पोटाकडे पाहत नाही. म्हणून माझ्या मते या वाक्यात 'अन्ननलिका' हाच शब्द योग्य आहे, मुलीचे म्हणणे बरोबर आहे. तो पुस्तकी वाटत असेल तर 'घास गिळण्याची नळी' असे लिहावे. 'नरडे' पत्रकात अवश्य ठेवावे, परंतु औषध पाजण्याच्या सूचनेत.

कारण तेथे तो शब्द अगदी नेमका बसतो. गिळताना स्वरयंत्र पुढे ओढले जाते, त्याच्या तोंडावर एपिग्लॉटिस नावाची कूर्चेची झडप कलते आणि तेवढ्यापुरता श्वास थांबतो. म्हणूनच घास श्वासनलिकेचे दार ओलांडून मागच्या नळीत जातो. बांबूच्या नळीने किंवा बाटलीने औषध पाजताना आपण जनावराची जीभ बाहेर ओढून धरली किंवा तोंड आभाळाकडे केले, तर त्याला नीट गिळताच येत नाही आणि औषध सरळ नरड्यात, म्हणजे श्वासनलिकेत, उतरते. तेल असेल तर अधिकच वाईट, कारण ते फुफ्फुसात जाऊन दाह उत्पन्न करते आणि दोन-चार दिवसांनी दगावलेले जनावर मूळ आजारानेच गेले असा समज होतो. पाजताना ठसका लागला की तत्क्षणी थांबून डोके खाली सोडावे.

उत्तर (मालवण)

वरील विवेचन सस्तन प्राण्यांपुरते पटते, परंतु आमच्याकडे बाजारात या शब्दांची परीक्षा मासळीवर होते. आम्ही मालवणीत 'घसो बसलो' म्हणतो. माशाचा घसा मात्र कोणी म्हणत नाही, आणि यामागे शरीररचनेचेच कारण आहे. माशाला श्वासनलिका नाही, स्वरयंत्रही नाही. तोंडातून घेतलेले पाणी घशाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या कल्ल्यांवरून बाहेर जाते आणि अन्न सरळ मागे अन्ननलिकेत उतरते. ज्या ठिकाणी आपल्याकडे श्वासाची आणि अन्नाची वाट एकमेकींना ओलांडतात, त्या ठिकाणी माशाची भिंतच उघडी असते. म्हणून ताजेपणा पाहणारी बाई घसा न पाहता कल्ल्याचे झाकण अंगठ्याने उचलते आणि आत लालभडक आहे की तपकिरी पडले आहे ते पाहते. मोरीला, म्हणजे लहान शार्क माशाला, हे झाकण नसते. तिच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच फटी उघड्याच दिसतात.

बांगड्याचे तोंड पूर्ण उघडून आत पाहिल्यास कल्ल्यांच्या कमानींवर आतल्या बाजूला लांब, बारीक, पिसासारखे दाते दिसतात. बांगडा तोंड उघडे ठेवून पोहतो तेव्हा पाण्यातील सूक्ष्म जीव या दात्यांत गाळले जातात आणि पाणी कल्ल्यांवरून निघून जाते. एकाच हालचालीत श्वास आणि जेवण दोन्ही होते. यास घसा म्हणावे की गाळणी, असा प्रश्न मला पडतो. मराठीत यासाठी स्वतंत्र शब्द रूढ असल्यास अवश्य सांगावा.

आवाजाचे म्हणाल, तर ढोमा आणि घोळ हे मासे पाण्याबाहेर काढल्यावरही गुरगुरतात. तो आवाज गळ्यातून येत नाही. पोटातील हवेच्या पिशवीला, जिला मच्छीमार भोत म्हणतात, लागून असलेले स्नायू तिच्यावर थरथरतात आणि ती वाजते. घोळीच्या भोताला सोन्याचा भाव येतो हे सर्वांना ठाऊक असते. ते तिचे वाद्य आहे याची चर्चा मात्र लिलावात होत नाही.

उत्तर (दापोली)

'कंठ' या शब्दाविषयी थोडे. पोपटाला कंठ फुटतो तेव्हा नराच्या मानेभोवती रंगीत कडे उमटते, आणि मुलाला कंठ फुटतो तेव्हा त्याचा आवाज घोगरा होतो, कारण स्वरयंत्र वाढून आतील स्वरतंतू लांब व जाड होतात. एकच वाक्प्रचार, एकदा बाहेरच्या पिसांसाठी आणि एकदा आतल्या कूर्चेसाठी. गंमत अशी की पोपटाचा आवाज त्याच्या कंठातून येतच नाही. पक्ष्यांना वरच्या टोकाला स्वरयंत्र असते, परंतु ते गात नाही. श्वासनलिका छातीत उतरून जेथे दुभंगते तेथे शब्दिनी नावाचा अवयव असतो आणि आवाज तेथे तयार होतो. कोकिळकंठी हे विशेषण त्यामुळे दुहेरी अडचणीत सापडते, कारण कुहू करणारा पक्षी नर असतो आणि तो छातीतून गातो. तरीही मी ते विशेषण बदलणार नाही.

वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांच्या बाबतीत मात्र 'घशाला काटे' हे शब्द शब्दशः खरे आहेत. समुद्री कासवांच्या अन्ननलिकेत आतून टोकदार, कठीण काटे असतात आणि सर्वांची टोके पोटाकडे वळलेली असतात. अन्नाबरोबर गिळलेले खारे पाणी स्नायू आवळून तोंडावाटे बाहेर टाकताना अन्न त्या काट्यांत अडकून राहते. प्लास्टिकची पिशवी गिळली तर तीही तशीच अडकते आणि परत येत नाही.

उत्तर (चिपळूण)

मालवणच्या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही. 'कल्ल्यांचे दाते' हेच मला पुरेसे वाटते, कारण ऐकणाऱ्यास ते दाखवता येतात. दापोलीकरांच्या मुद्द्यात आणखी एक भर घालतो. क, ख, ग, घ यांना आपण कंठ्य म्हणतो, परंतु उच्चार करून पाहिल्यास जिभेची मागची बाजू टाळूच्या मऊ भागाला टेकते, कंठात काहीच घडत नाही. खऱ्या अर्थाने कंठातून निघणारा वर्ण 'ह' आहे.

मूळ पत्रकासंबंधी एक सूचना राहिली, आणि ती मला सर्वांत निकडीची वाटते. पावसाळ्यापूर्वीच्या पत्रकात 'घटसर्प' हा शब्द येणारच. माणसांत घटसर्प म्हणजे डिप्थेरिया. त्यात घशात राखाडी पापुद्रा धरतो आणि त्याची लस लहान मुलांना त्रिगुणीतून किंवा पंचगुणीतून मिळते. गुरांचा घटसर्प हा पूर्णपणे निराळा रोग आहे. तो पाश्चरेला या जंतूमुळे होतो, पावसाच्या सुरुवातीला येतो आणि गाईंपेक्षा म्हशींना अधिक लवकर मारतो. एकाएकी जोराचा ताप, जबड्याखाली व गळ्याला गरम, दुखरी सूज, मानेखाली लोंबणाऱ्या कातडीपर्यंत, म्हणजे पोळीपर्यंत, उतरत जाणारी, आणि श्वासाबरोबर ऐकू येणारी घुरघुर ही त्याची चिन्हे. पुष्कळदा एका दिवसात जनावर हातचे जाते. येथे सूज बाहेरून नरड्यावर दाब आणते, म्हणून घुरघुर होते. दोन रोगांना एकच नाव असल्यामुळे 'मुलाला लस दिली आहे, गोठ्यात भीती नाही' किंवा उलट 'म्हशीचा रोग मुलाला लागेल' असे दोन्ही गैरसमज मी ऐकले आहेत. पत्रकात प्रत्येक ठिकाणी 'गुरांचा घटसर्प' असे पूर्ण लिहावे.

प्रश्नकर्ता (राजापूर)

सर्वांचे आभार. वाक्य आता असे केले आहे : 'बाठा घास गिळण्याच्या नळीत अडकल्यास लाळ गळते व डावी भकाळी फुगते, अशा वेळी काहीही पाजू नये, कारण पाजलेले नरड्यात उतरते. पशुवैद्यकांना ताबडतोब बोलवावे.' गुरांचा घटसर्प स्वतंत्र चौकटीत घेतला आहे आणि त्याच्या लशीची तारीख रिकामी सोडली आहे; ती दवाखान्यातून कळली की हाताने भरीन.