क्रेटाच्या डिकीत काढता-घालता येणारं कॅम्पिंगचं कपाट: सल्ला हवा

भटकी_सई: नमस्कार मंडळी. आमच्याकडे क्रेटा आहे, डिकी ४३३ लिटरची. भंडारदरा, पवना, कधी तारकर्ली असं फिरणं होतं. तंबू, स्टोव्ह, भांडी, पाण्याचा कॅन सगळं एकावर एक रचावं लागतं आणि चहाचं पातेलं नेमकं तळाशी जातं. दोन खणांचं कपाट करून घ्यायचंय. सोमवारी ते मला एकटीला उचलून बाहेर ठेवता यायला हवं. गाडीला भोक पाडायचं नाही. मागच्या सीटवर मुलं बसतात, त्यामुळे सीट उभीच राहील. सुतार १८ मिमी प्लायवर अडून बसलाय. काय करू?

सह्यवेडा: अखंड कपाट अजिबात नको. क्रेटाची स्टेपनी डिकीच्या तळाखाली असते. माळशेज घाटात रात्री पंक्चर झालं तर भरलेलं कपाट उतरवायचं कोणी? डावा-उजवा असे दोन सुटे खोके करा आणि मधे एम८ (८ मिमी जाडीचे) बोल्ट व हाताने फिरवता येणारे विंग नट लावून जोडा. जॅक आणि पाना मात्र हाताशी, वरच्या खणात.

१८ मिमीची ८ बाय ४ ची शीट साधारण ३३ किलो भरते, १२ मिमीची २२. एवढ्याशा रुंदीला १२ पुरते.

माप घेताना आतली रुंदी बघून फसू नका. दाराची चौकट आणि चाकांच्या कमानींमधलं अंतर, यातलं जे कमी तेच खरं. आधी पुठ्ठ्याचा खोका करून आत-बाहेर घालून बघा.

रंधा_आणि_रान: १२ मिमीला माझाही पाठिंबा, पण आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याचा मरीन प्लाय घ्या. ओला तंबू गुंडाळून ठेवणार, पाणी लागणारच. प्लाय फुगतो तो कापलेल्या कडेने. कडेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा, बोटाला कूस लागेनाशी झाली की पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचे दोन हात द्या. बोल्टची भोकंसुद्धा आतून रंगवा, ते बहुतेक सुतार विसरतात.

भटकी_सई: दोन खोके एकदम पटले. खणांना चॅनल कोणते? आणि बांधायचं कशाला?

रंधा_आणि_रान: टेलिस्कोपिक चॅनल (खण ज्यावर सरकतो त्या पट्ट्या), ४५ किलो क्षमतेची जोडी, पण लॉकवाली. साधी असली तर चढावर दार उघडताच खण अंगावर येतो.

सह्यवेडा: बांधणीत काटकसर नको, पुढे मुलं बसतात. जाळीचे छोटे हुक आणि चाइल्ड सीटचे अँकर यासाठी नसतात. मॅन्युअलमध्ये सामान बांधायचे अँकर दाखवले असतील तर त्यांनाच रॅचेट पट्टा (खटक्याने आवळायचा) लावा. खोके सीटच्या पाठीला घट्ट टेकवा, खाली रबरी मॅट. पाण्याचा कॅन सगळ्यात खाली, सीटला चिकटून. उंची सीटच्या पाठीच्या बरीच खाली ठेवा.

डोंगरमावशी: सई, स्टोव्हच्या गॅस कॅनसाठी खण करू नकोस गं. त्यावर ५० अंशांच्या वर तापू देऊ नका असं लिहिलेलं असतं आणि उन्हात बंद गाडी सहज तापते. वेगळ्या पिशवीत ने, पोचल्या पोचल्या सावलीत काढून ठेव.