हात मिळवण्याआधी तो कोरडा हवा

नोकरीच्या मुलाखतीत हात आपणच आधी पुढे करावा, हस्तांदोलन ठाम हवं, नजर मिळवावी, असं सांगितलं जातं. यातलं ठाम हस्तांदोलन आणि नजर मिळवणं बरोबरच आहे. पण एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४२ च्या घरात असतो. चिंचोळी एमआयडीसीपर्यंत दुचाकीवर गेलेला उमेदवार दारातच घामाघूम दिसतो आणि समोरच्याला ते घाबरलेपण वाटतं. म्हणून २०-२५ मिनिटं आधी पोचा. हेल्मेट, स्कार्फ बाहेरच काढा, केसांवरून कंगवा फिरवा, मनगटापर्यंत हात गार पाण्याने धुऊन नीट कोरडे करा. आकाशी किंवा करड्या शर्टावर काखेतला ओला डाग गडद उमटतो, पांढऱ्यावर फारसा कळत नाही. आत सुती बनियन हवाच. फाइल डाव्या हातात धरा. उजव्या हातात धरली की प्लास्टिकच्या कव्हरमुळे तळवा ओलसर होतो, आणि पुढे करायचा असतो नेमका तोच हात.

हात आपणच आधी पुढे करावा, हा सल्ला मात्र पटत नाही. आपल्याकडे पॅनेलवर बरेचदा वयाने मोठी माणसं असतात, टेबलही रुंद असतं. वाकून हात पुढे करावा आणि समोरचा बसूनच राहावा, हा अवघडलेपणा टाळा. किंचित मान लववून नमस्कार करा, त्यांनी हात दिला तर मिळवा. बसताना पिशवी मांडीवर नको, खाली पायाशी ठेवा. मांडीवर असली की बोटं नकळत तिच्या चेनशी चाळा करत राहतात.