शब्दचर्चा : वेल्सच्या डोंगरवाटा आणि नकाशावरचे शब्द

आईबाबा मे महिन्यात माझ्याकडे कार्डिफला येताहेत. बाबांची हयात सह्याद्रीत फिरण्यात गेली, त्यामुळे लंडन-बिंडन त्यांना नकोच आहे, डोंगर हवेत. त्यांच्यासाठी चालायच्या वाटांची टिपणं मराठीत काढतेय आणि नकाशावरच्या वेल्श शब्दांपाशी गाडी अडलीय. 'कूम'ला दरी म्हणू की खोरं? 'बुल्ख' म्हणजे घाट की खिंड? आणि 'पब्लिक फुटपाथ'चं काय करायचं? फुटपाथ म्हटलं की मला लक्ष्मी रोडच दिसतो. जाणकारांनी सुचवावं.

*

बुल्ख म्हणजे खिंड. बिनधास्त लिहा. घाट म्हटलं की चढउताराचा अख्खा रस्ता आला. बुल्ख ही दोन माथ्यांमधली खाच. 'अर विद्वा' (इंग्रजी नाव स्नोडन, उंची १०८५ मीटर) आणि त्याच्या शेजारचा 'अ ल्हिवेद' यांच्या मधे 'बुल्ख-अ-साइथाय' आहे, म्हणजे बाणांची खिंड. आर्थर राजा तिथे बाणांनी पडला अशी दंतकथा. 'बाणखिंड' लिहा, बाबा खूश होतील.

*

कूमचं एवढं सोपं नाही. दक्षिण वेल्समध्ये कोळशाच्या खाणींची जी लांबट खोरी आहेत त्यांनाही कूमच म्हणतात, तिथे 'खोरं' चालेल. पण उत्तरेला एरिरीच्या (इंग्रजीत स्नोडोनिया) डोंगरांत कूम म्हणजे हिमनदीने डोंगराच्या कुशीत कोरलेला खळगा, एका बाजूने फुटलेल्या वाटीसारखा. मागे आणि दोन्ही बाजूंना कातळकडे, बुडाशी बहुतेकदा तळं. शाळेच्या भूगोलात याला 'हिमगव्हर' शिकवतात. शब्द अचूक आहे, पण चालत्या माणसाच्या तोंडी तो बसत नाही. मी तर 'कूम'च ठेवेन आणि पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत अर्थ देईन. एव्हरेस्टच्या वाटेवर जे वेस्टर्न कूम लागतं त्याला इंग्रज गिर्यारोहक मॅलरीने १९२१ साली हेच वेल्श नाव दिलं. त्याचं गिर्यारोहण वेल्समध्येही झालेलं होतं. एव्हरेस्टची वर्णनं वाचणाऱ्या मराठी वाचकाला शब्द नवा नाही, फक्त स्पेलिंग बघून त्याचं 'क्व्म' करू नका. वेल्शमध्ये डब्ल्यू हा स्वरही असतो.

बाबांना कूम इडवालला न्याच. तळ्याभोवतीची वाट पाचेक किलोमीटरची, बरीचशी दगडांनी बांधून काढलेली. तळ्याच्या कडेला गवताने झाकलेली टेंगळं दिसतील. तो हिमोढ, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेला गाळदगड. डार्विन १८३१ साली भूवैज्ञानिक सेजविकबरोबर इथे आला होता. दोघांनी जीवाश्म शोधत खडक धुंडाळले आणि समोरचा हिमोढ दोघांच्याही लक्षात आला नाही! १८४२ साली डार्विन परत आला तेव्हा सगळं त्याच्या डोळ्यांत भरलं. वेल्समधलं पहिलं राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्रही हेच, १९५४ सालचं.

*

नावं शोधताना एक अडचण येणार, आधीच सांगून ठेवते. आपल्याकडे शब्दाचं शेपूट बदलतं (घोडा, घोड्याला), वेल्शमध्ये डोकं बदलतं. 'मॉइल' म्हणजे बोडका, गवताळ डोंगर. स्त्रीलिंगी नाम म्हणून तो वापरला आणि आधी 'अ' हे उपपद लागलं की त्याचं 'अ वॉइल' होतं. 'पॉन्ट' म्हणजे पूल, पण 'अ बॉन्ट'. 'बान' म्हणजे शिखर, त्याचं 'पेन-अ-वान', ८८६ मीटर, दक्षिण वेल्समधलं सर्वांत उंच. त्याच 'बान'चं अनेकवचन 'बनाय', म्हणून 'बनाय ब्रखेइन्योग'. ब्रेकन बीकन्स राष्ट्रीय उद्यान २०२३पासून स्वतःसाठी हेच नाव वापरतं. तेव्हा शब्दकोशात 'वॉइल' सापडला नाही तर 'मॉइल' बघा.

*

शब्दांच्या या पंगतीत मलाही बसू द्या. वेल्श माणूस डोंगराकडे अंग म्हणूनच बघतो. पेन म्हणजे डोकं, केवन पाठ, ब्राइख दंड, ट्रुइन नाक, ब्रॉन छाती, ट्रॉइड पाऊल. 'ट्रॉइड-अ-रियू' म्हणजे उताराचं पाऊल, आपला सरळसरळ पायथा. 'एस्गाइर' म्हणजे मूळ अर्थाने नडगी, आणि डोंगरातून खाली उतरत गेलेला लांब दांडा. तिथे 'सोंड' हा आपला शब्द चपखल. 'क्रीब' म्हणजे धार. 'क्रीब गॉख' ही तांबडी धार. ती मात्र टिपणातून वगळा. दोन्ही बाजूंना सरळ खोली आहे, हात टेकत जावं लागतं, आणि ओला कातळ कोणाचंही वय विचारत नाही. थोडक्यात, 'पर्वतशृंखला', 'गिरिपथ' वगैरे कोशातली मंडळी घरीच ठेवा. नाळ, सोंड, धार, पदर, घळ हे बाबांचे शब्द आहेत, तेच लिहा.

*

सगळ्यांचे आभार! आणखी दोन सांगा : 'हावॉड' आणि 'हेंड्रे'. अर्ध्या वेल्समधल्या घरांची हीच नावं दिसताहेत. शिवाय फुटपाथ राहिलाच.

*

हाव म्हणजे उन्हाळा, बॉड म्हणजे वस्ती. हावॉड हे उन्हाळ्यात गुरं वर चारायला नेल्यावर राहायचं डोंगरावरचं घर. हेंड्रे म्हणजे जुनं घर, खालचं, हिवाळ्याचं. एक मेच्या सुमारास वर, नोव्हेंबर लागताना खाली. माणदेशाकडचे धनगर दिवाळीनंतर कोकणात उतरतात आणि पावसाळ्याआधी परततात ते आठवेल, पण तिथे बिऱ्हाड घोड्यावर असतं. हावॉडला भिंती होत्या. 'उन्हाळवस्ती' असा शब्द जोडता येईल, मला स्वतःला तो आवडतो. मात्र घराचं नाव म्हणून आलं की भाषांतर करू नका, नाहीतर पोस्टमन शोधत बसेल.

*

फुटपाथबद्दल. मी महसूल खात्यात नोकरी केली, तिथला शब्द देतो : वहिवाट. वेल्समधला 'पब्लिक फुटपाथ' ही नुसती मळलेली वाट नसते, तो हक्क असतो. वाट खाजगी शेतातून, कधी थेट कोणाच्या अंगणातून जाते, पण शेतकरी ती बंद करू शकत नाही. १९४९च्या कायद्याने तिथल्या स्थानिक प्रशासनांनी अशा वाटांचे अधिकृत नकाशे केले, त्यावर रेघ असली की विषय संपला. पिवळा बाण म्हणजे पायी जायची वाट, निळा म्हणजे घोडा आणि सायकललाही मोकळीक. पाटीवर 'ल्हुइबर केहॉइदिस' लिहिलेलं असेल.

आपल्याकडे वहिवाटीच्या रस्त्यावर कोणी काटे टाकले तर १९०६च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जाता येतं. फरक इतकाच की इथे बहुतेक वाद आपल्या शेतात पोचण्याचा असतो. तिथे ज्याचं त्या गावात काहीच नाही असा माणूसही हक्काने चालतो. म्हणून 'वहिवाटीची पायवाट' लिहा आणि कंसात 'कोणालाही खुली' जोडा. आणि दोन कुंपणांमधून जाणारी खोलगट, झाडोऱ्याने झाकलेली गाडीवाट दिसली तर ती पाणंद. त्याला दुसरा शब्द शोधू नका.

*

काकांचं 'वहिवाट' पटलं! त्याच वाटेवरची फाटकं राहिली. गडग्यावरून चढून पलीकडे उतरायच्या पायऱ्या म्हणजे 'काम्वा'. दुसरं, माणूस जाईल पण मेंढरू अडकेल असं वळसा देणारं अर्धगोल फाटक. इंग्रजीत त्याचं नाव चुंबनावरून पडलंय, वेल्शमध्ये 'ग्याट मॉखिन', म्हणजे डुकराचं फाटक. मराठीत मी साधं 'वळशाचं फाटक' म्हणेन. आईबाबांना दोन्ही नावं सांगा आणि पुढे कोण कोणाकडे बघून काय म्हणतं ते इथे कळवा.