रविवारी ३० किलोमीटर झाले, आता थोडं मागायचं आहे

बी-४०३ ताई:
सुप्रभात मंडळी. मेसेज मोठा आहे, सवडीने वाचा. गेले पाच महिने पहाटे साडेचारला गेटची कडी वाजते ती माझ्यामुळे. डिसेंबरमध्ये पुण्याची मॅरेथॉन आहे, सणस मैदानावरून सुटते ती. मी पूर्ण ४२.१९५ किमी धावणार आहे. वय ४६, पहिलीच वेळ. काल राजाराम पुलावरून सिंहगड रस्त्याने खडकवासल्याला जाऊन परत आले, ३० किमी झाले. हे धावणं कॅन्सरवरच्या संशोधनासाठी आहे. किलोमीटरला १ रुपया धरला तरी ४२ होतात, ज्याला जे जमेल ते. पैसे माझ्याकडे देऊ नका. थेट टाटा मेमोरियलला पाठवा आणि संशोधनासाठी आहेत असं लिहून कळवा.

ए-२०२ वहिनी:
अगं किती छान! आम्ही दोघं मिळून ४२०.

डी-३०१ दादा:
ए विंगला पाणी नाही का कुणाला? टँकर कधी येतोय?

सेक्रेटरी काका:
टँकर अकराला. वरचा विषय चालू द्या. ताई, मनापासून अभिनंदन. करात वजावट मिळण्यासाठीची पावती देतात ना?

बी-४०३ ताई:
हो काका, देतात. फक्त रोखीने २,००० च्या वर दिले तर वजावट मिळत नाही, म्हणून ऑनलाइनच करा. आणि ज्यांनी नवीन कररचना घेतली आहे त्यांना वजावट नाही.

सी-१०२ काका:
ताई, कौतुक आहेच. पण एक स्पष्ट विचारतो, राग मानू नका. टाटा मेमोरियल १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे आहे, म्हणजे सरकारचा पैसा असतोच. संशोधनात आपले ४२ रुपये कुठे जिरतील कळणारही नाही. त्यापेक्षा आपल्या ओळखीतल्या एखाद्या गरजू पेशंटचं औषधपाणी केलं तर उपयोग डोळ्यांसमोर दिसेल.

बी-४०३ ताई:
काका, राग कसला. मीही आधी असंच म्हणायचे. आईचं ऐकलंत तर माझं म्हणणं कळेल.

आईला छातीत गाठ लागली तेव्हा घरात भावाचं लग्न होतं. ती कुणाला बोलली नाही. कार्य पार पडू दे म्हणाली. कार्य पार पडलं, मग दिवाळी, मग सूनबाईचे सणवार. दाखवलं तेव्हा आठ महिने झाले होते. ऑपरेशन झालं. घरी आल्यावर तिने जुन्या धोतराच्या कापडाची छोटी पिशवी शिवली, त्यात मोहरी भरली आणि ती ब्लाउजच्या आत बसवली, दोन्हीकडचं वजन सारखं वाटावं म्हणून. मोहरी दर महिन्याला उन्हात घालायची. ती पिशवी माझ्या कपाटात आहे.

उपचार चालू असताना तिला एका अभ्यासात घेतलं होतं. सही घेण्याआधी एका मुलीने सगळं मराठीत समजावून सांगितलं. नंतर दर सहा महिन्यांनी त्याच मुलीचा फोन यायचा, आजी कशा आहेत, तपासणीला कधी येताय. आई गेल्यावर तीन महिन्यांनी फोन आला. मी सांगितलं. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग हळूच म्हणाली, ताई, तारीख सांगाल का, मला लिहावी लागेल. मी सांगितली.

संशोधन म्हणजे नुसतं सूक्ष्मदर्शक नाही काका. हजारो बायकांच्या अशा तारखा वर्षानुवर्षं कुणीतरी नीट लिहून ठेवायच्या. त्या मुलीचा पगार आणि तिचा फोन, हे कुणीतरी भरायला हवं.

सी-१०२ काका:
वाचलं. पण औषध कंपन्या करतातच की संशोधन.

बी-४०३ ताई:
करतात, पण ज्यात विकायला काही असतं त्यात. लिग्नोकेन ठाऊक आहे ना, दात काढताना हिरडी बधीर करतात ते. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी ते ऑपरेशनच्या ७ ते १० मिनिटं आधी स्तनाच्या गाठीभोवती टोचून पाहिलं. २०११ पासून देशातल्या ११ केंद्रांत, १,६०० च्या आसपास बायका. निम्म्यांना दिलं, निम्म्यांना नाही. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण न दिलेल्यांत ८६.४ टक्के, दिलेल्यांत ९०.१. शंभरामागे जवळजवळ चार बायका जास्त. इंजेक्शन १०० रुपयांच्याही आतलं. औषध इतकं जुनं की त्यावर कुणाचं पेटंट नाही, मग कुठली कंपनी असल्या अभ्यासावर पैसा लावेल? अशा प्रश्नांना सरकार आणि आपण, दोघेच उरतो.

पेशंटला मदत करायचीच. मीही करते. पण दोन्ही लागतं.

डॉक्टर वहिनी, ए-५०१:
लिग्नोकेनचा अभ्यास २०२३ मध्ये छापूनही आला आहे. आणि ताई, ३० झाले ना? आता अंतर उतरवत आणा. शेवटच्या तीन आठवड्यांत ताकद वाढत नाही, दुखापत मात्र होते. त्या दिवशी प्रत्येक टेबलापाशी पाणी पीत सुटू नका. नुसतं पाणी जास्त झालं की रक्तातलं सोडियम उतरतं, मळमळ, गोंधळ, प्रसंगी फिटसुद्धा येते. तहानेइतकंच, त्यातही लिंबू-मीठ-साखर. आणि भूक लागायची वाट न बघता खात राहा. ३० च्या पुढे साठवलेली साखर संपते आणि पाय शिशाचे होतात.

बी-४०३ ताई:
काल हिंगण्यापाशी नेमकं तेच झालं. पोटऱ्यांत गोळे, उजव्या पायाचं बोट बुटात घासून सोललेलं. फुटपाथवर बसून दोन खजूर आणि राजगिऱ्याचा लाडू खाल्ला, मग उठले. पुढच्या वेळी आधीच खाईन.

डी-२०१ काकू:
आमचा लेक टोरांटोला असतो. तिथे सप्टेंबरात शाळेतली पोरं टेरी फॉक्सच्या नावाने धावतात. हाडाच्या कॅन्सरने त्याचा उजवा पाय गेला होता. १९८० साली कृत्रिम पायावर १४३ दिवस धावला, ५,३७३ किमी. फुप्फुसात आजार पसरला म्हणून थांबावं लागलं. प्रत्येक कॅनेडियनाकडून एक डॉलर मागितला होता, आणि तो जिवंत असतानाच तेवढे जमले. २२ व्या वर्षी गेला गं तो. तुझा किलोमीटरला रुपया वाचून तोच आठवला. आमचे २,१००.

सी-१०२ काका:
ताई, ४,२०० आत्ता पाठवले. संशोधनासाठी असं लिहिलंय. पावती ग्रुपवर नको, तुम्हाला दाखवतो. आणि मॅरेथॉनच्या पहाटे सणस मैदानापर्यंत मी सोडेन. एवढ्या अंधारात रिक्षाच्या भरवशावर राहू नका.

बी-४०३ ताई:
काका 🙏 काय बोलू.

सेक्रेटरी काका:
त्या दिवशी रस्ते बंद असतात, गाड्या शनिवारी रात्रीच बाहेरच्या बाजूला लावून ठेवा. सारसबागेपाशी थांबायला कोण कोण येतंय? नावं टाका.

ए-२०२ वहिनी:
आम्ही चौघं. मी दहीभात आणते, संपवल्यावर तिला लागेल.

डी-३०१ दादा:
मी आणि मुलं. टँकर आला, ए विंग मोटर चालू करा.

बी-१०४:
ताई, तुम्हाला वेगळा मेसेज केलाय. बघाल का?

बी-४०३ ताई:
पाहिला. अकराला खाली ये, मी गाडी काढते. आजच जाऊ.